जुनी आवृत्ती पुसणारा हात आवरा!

रात्रीचे पावणेबारा वाजले होते. दिवाळी अंकाची चौसष्ट पाने पहाटेच्या पहिल्या गाडीने प्लेटा काढायला अंबाजोगाईला जायची होती आणि पडद्यावरचा प्रत्येक ‘ल’ हिंदी झाला होता. ‘श’चेही तेच. ‘दऱ्या’ या शब्दातला पापणीसारखा ‘र’ मोडून पडला होता, ओळी घसरल्या होत्या, सदतिसाव्या पानावरची कविता शेजारच्या जाहिरातीत शिरली होती. धारूरच्या एका छोट्या साप्ताहिकाची ही कचेरी. दोन संगणक, दोन्हींवर मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली आणि एक इन्व्हर्टर. संध्याकाळी एका संगणकाने अपडेट मागितले, जुळणी करणाऱ्या पोराने ‘हो’ म्हटले, फाँटची नवी आवृत्ती आली आणि जुनी गेली. एवढेच घडले.

‘ल’ तो ‘ल’च, त्यात काय एवढे, असे म्हणणारे म्हणोत. महाराष्ट्र शासनाला ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठी वर्णमालेचा निर्णय काढावासा वाटला आणि त्यात या दोन अक्षरांची मराठी वळणे सांगावीशी वाटली, ती उगीच नव्हे. दोन पाकळ्यांचा ‘ल’ आणि मराठी वळणाचा ‘श’ पाहिला की वाचणाऱ्याला घरचे माणूस भेटल्यासारखे वाटते. दांड्याला टेकलेला ‘ल’ चुकीचा नाही, पण तो आमचा नाही. चौसष्ट पानांभर परक्या वळणाची अक्षरे छापून वाचकाच्या हाती देणे आमच्याने होणार नव्हते.

म्हणून आधीची आवृत्ती परत बसवायला निघालो. भांडारात ती नव्हती. कालपर्यंत होती, आज नव्हती. नवी फाइल आली त्या क्षणी जुनी काढून टाकण्यात आली होती. आमच्या संगणकावर उतरून राहिलेली प्रतही जागा मोकळी करण्याच्या नावाखाली आपोआप पुसली गेली होती. साडेबाराला केजच्या एका मुलाला फोन लावला. पंचक्रोशीतल्या शाळांचे संगणक हा मुलगा दुरुस्त करतो. तो म्हणाला, “काका, माझ्या पेन ड्राइव्हवर असंल. मी जुनं फेकत नाही.” मोटारसायकलवर रात्रीच्या अंधारात तो धारूरला आला. पाने पहाटेच्या गाडीने गेली. त्याचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण हजारो माणसे वापरतात त्या प्रणालीची कालची आवृत्ती भांडारात सापडू नये आणि केजच्या पोराच्या खिशात सापडावी, हे आम्ही का सोसावे?

हा प्रश्न एका अंकाचा नाही. ज्यांचा या यंत्राशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात प्रत्येक कार्यक्रम, प्रत्येक फाँट, छापयंत्राचा प्रत्येक चालक ‘पॅकेज’ या गठ्ठ्यात येतो. हे गठ्ठे एका मोठ्या कोठारात ठेवलेले असतात. त्याला रिपॉझिटरी किंवा तोंडच्या भाषेत ‘रेपो’ म्हणतात. डेबियन या जुन्या आणि नावाजलेल्या प्रणालीच्या ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत सत्तर हजारांच्या घरात पॅकेजे आहेत. जगभरातली विद्यापीठे आणि संस्था या कोठाराच्या हुबेहूब प्रती ठेवतात, त्यांना मिरर म्हणतात. आपला संगणक जवळच्या मिररकडून माल उचलतो. व्यवस्था सुंदर आहे. हजारो माणसांनी पगाराशिवाय रात्री जागून ती उभी केली आहे आणि त्यांच्यापुढे आम्ही मान लववतो. पण या सुंदर व्यवस्थेत एक निष्ठुर चाल रुळली आहे. नव्या आवृत्तीचा गठ्ठा कोठारात आला की जुन्याला दाराबाहेर काढायचे. फेडोरा या दुसऱ्या प्रणालीच्या अपडेट्सच्या रेपोत पॅकेजची शेवटचीच आवृत्ती राहते. मागे जायचे म्हटले तर प्रणाली प्रसिद्ध झाली त्या दिवशीच्या आवृत्तीपर्यंत थेट घसरावे लागते, मधल्या पायऱ्या काढून टाकलेल्या असतात. डेबियनच्या रोजच्या मिररवरही एका शाखेत पॅकेजची साधारण एकच आवृत्ती असते.

आता पैशाची गोष्ट ऐका. फेडोराला पाठबळ देणाऱ्या रेड हॅट कंपनीची वर्गणी भरून घेतलेली प्रणाली पाहा. तिच्या भांडारात अपडेटच्या आधीच्या आवृत्त्याही ठेवलेल्या असतात. ग्राहक आज नवी बसवतो, उद्या बिघडली तर एका आज्ञेने कालच्या आवृत्तीवर येतो. म्हणजे हे काम अशक्य नाही, अवघडही नाही. मोठ्या कंपन्या तर याही पुढे जातात. त्या बाहेरच्या कोठारावर विसंबतच नाहीत. आपल्या आवारात स्वतःचा मिरर उभारतात, हवी ती आवृत्ती हवी तितकी वर्षे गोठवून ठेवतात. मागे वळण्याची वाट ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे विकत घेतली आहे. ती बंद आहे फक्त धारूरच्या जुळणीवाल्याला, वडवणीच्या शाळेला, ऊसतोडीला जाण्याआधी मुलाचा वसतिगृहाचा अर्ज भरायला बसलेल्या बापासाठी खटपट करणाऱ्या केंद्रचालकाला. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दोन तास घालवून त्याने अपडेट उतरवलेले असते. त्या अपडेटने प्रिंटर मुका झाला तर रांगेतल्या माणसांना तो काय सांगणार? “नवे आले म्हणून जुने नाही” असे? आम्हाला संताप येतो तो इथे. ज्या चळवळीने जगाला शिकवले की संगणकावर मालकी वापरणाऱ्याची असली पाहिजे, तिच्याच कोठारात गरिबाला मागे फिरायला बंदी असावी! बदल करण्याचे स्वातंत्र्य दिले, वाटण्याचे दिले, मग परत फिरण्याचे स्वातंत्र्य कोणी काढून घेतले?

जुने कसे सांभाळावे हे मराठवाड्यातल्या माणसाला कोणी शिकवायला नको. तलाठ्याच्या दप्तराकडे पाहा. बाप वारला, वारसांची नावे लागली, फेरफार मंजूर झाला. तेव्हा बापाचे नाव खोडरबराने पुसतात काय? नाही. त्याला कंस करतात. नाव तिथेच राहते, कंसात राहते, वाचता येते, आणि कोणत्या क्रमांकाच्या फेरफाराने ते कंसात गेले हेही सातबाऱ्यावर राहते. भावाभावांत वाद लागला, मोजणी चुकली, कोणी खोटा दस्त केला, तर माणूस फेरफारांची शिडी उतरत उतरत मागे जातो आणि चूक कोणत्या पायरीवर झाली ते बोट ठेवून दाखवतो. तलाठी आप्पाने उद्या नवे नाव लिहिताना जुने पान फाडून टाकले तर धारूर तहसीलवर मोर्चा निघेल. आणि निघायलाच हवा.

२०२३ साल आठवा. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने निजामकाळातल्या कुणबी नोंदी धुंडाळायला घेतल्या आणि सगळा मराठवाडा जुन्या कागदांकडे धावला. मोडी वाचणारा म्हातारा एकाएकी घरोघरी हवासा झाला, उर्दू-फारसी जाणणाऱ्याची वाट पाहिली जाऊ लागली. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू खरी, हा आजचा विषय नव्हे. आजचा विषय एवढाच की १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादच्या निजामाची सत्ता संपली, राज्य बदलले, भाषा बदलली, लिपी बदलली, तरी कोणा कारकुनाने ‘नवी व्यवस्था आली, आता जुन्याचे काय काम’ म्हणून ती बाडे जाळली नाहीत. जिथे ती टिकली तिथे माणसाला दाद मागता आली. जिथे वाळवीने खाल्ली तिथे माणूस रिकाम्या हाताने परतला. आमच्या गावाचेच पाहा. मोगल आमदानीत धारूरला फत्तेहाबाद म्हणत. हे जुने नाव ज्याला ठाऊक नाही तो त्या काळच्या कागदांत धारूर शोधत बसेल आणि आपल्याच गावावरून पुढे निघून जाईल. नावालाही आवृत्त्या असतात आणि मागची आवृत्ती हरवली की माणसाची वाटच हरवते.

आता ज्यांना वाटते की नवे ते नेहमी बरेच, त्यांनी मार्च २०२४ ची कथा कान देऊन ऐकावी. एक्सझेड नावाचे फाइल दाबून लहान करणारे एक साधे उपकरण जवळपास प्रत्येक लिनक्स संगणकात असते. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या नव्या आवृत्त्या आल्या. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याच्या लक्षात आले की दूरच्या संगणकावर शिरायला पूर्वी सुमारे ०.३ सेकंद लागत होता, आता ०.८ लागतो आहे. अर्ध्या सेकंदाचा फरक! दुसऱ्याने खांदे उडवले असते. हा गडी खणत गेला आणि २९ मार्चला त्याने जगाला सांगितले की या नव्या आवृत्त्यांत चोरवाट पेरली आहे. ‘जिया तान’ असे नाव लावून वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ गोडीने काम करून विश्वास मिळवला होता आणि मग विष कालवले होते. जी माणसे नेमाने अपडेट करत होती, शिस्तीने ‘हो’ म्हणत होती, नवे येताच घेत होती, त्यांच्याच घरात ते पहिल्यांदा शिरले.

त्या दिवशी जगाला कोणी वाचवले? जुन्या आवृत्तीने. फेडोराची चाचणी शाखा, डेबियनची चाचणी शाखा, ओपनसूसेची टंबलवीड, सगळ्यांनी एकच केले. मागे फिरले. आणि मागे फिरताना काय घडले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. डेबियनच्या नेहमीच्या अपडेटमध्ये आवृत्तीचा आकडा वरच चढतो, आपोआप खाली उतरत नाही. म्हणून डेबियनच्या शहाण्या माणसांना जुन्या ५.४.५ आवृत्तीला नव्याचा मुखवटा चढवावा लागला. त्या पॅकेजचे नाव ठेवले ‘५.६.१+रिअली५.४.५’. म्हणजे दाखवायला ५.६.१, खरे पाहता ५.४.५! जगातल्या सर्वांत काटेकोर संगणक-व्यवस्थांपैकी एक, आणि तिला भर आणीबाणीत जुन्या औषधाच्या बाटलीवर नव्या औषधाची चिठ्ठी चिकटवून ती यंत्राच्या घशाखाली घालावी लागली. पुढे जाण्याच्या आंधळ्या हट्टाचा याहून धडधडीत पुरावा आम्हाला नको. ज्यांनी व्यवस्था रचली त्यांनी माणूस चुकू शकतो, नवे विषारी निघू शकते, उलटे फिरावे लागू शकते, हे पुरेसे धरलेच नव्हते.

जुन्या आवृत्त्या ठेवा म्हटले की पहिला आक्षेप सुरक्षेचा येतो आणि तो आम्ही हलका मानत नाही. जुन्या आवृत्तीत भोके असतात, ती ठेवली तर लोक अज्ञानाने तीच वापरत बसतील, चोर त्याच भोकांतून शिरतील, असे सांगितले जाते. भोके असतात हे खरे. पण महाराज, आमच्या कचेरीत त्या रात्री काय झाले ते पुन्हा वाचा. अधिकृत कोठारात जुनी फाइल नाही म्हटल्यावर आम्ही काम सोडून झोपलो काय? आम्ही ती एका पेन ड्राइव्हवरून घेतली. मुलगा आमच्या माहितीतला आणि सच्चा, म्हणून निभावले. दुसरा कोणी असता तर? रोज किती कचेऱ्यांत किती माणसे कुठल्याशा अनोळखी साइटवरून ‘जुने व्हर्जन’ उतरवून घेत असतील आणि त्या गठ्ठ्यात काय बांधले आहे हे कोणी पाहिले? जुने ठेवले नाही म्हणून जुन्याची गरज संपत नाही. ती चोरबाजारात जाते. सरकारी दवाखान्यात औषध नसले म्हणजे रोगी बरा होत नसतो, तो भोंदूकडे जातो. सुरक्षेची खरीच काळजी असेल तर जुनी आवृत्ती अधिकृत सहीनिशी, अधिकृत जागी ठेवा. तिच्यावर लाल अक्षरांत लिहा की हिच्यात अमुक भोक सापडले आहे, तमुक तारखेला बुजवले आहे. ती आपोआप बसू देऊ नका, मागणाऱ्याने मागितली तरच द्या. तलाठ्याचा कंस याहून वेगळा काय करतो? नाव आहे, पण चालू नाही, हे तो एका खुणेने सांगतो.

दुसरा आक्षेप जागेचा. हा आक्षेप आम्हाला मान्य नाही आणि तो पुढे करणाऱ्यांनी डेबियनच्याच घरात डोकावावे. २०१० साली डेबियनने ‘स्नॅपशॉट’ नावाचे संग्रहालय अधिकृतपणे सुरू केले. त्यात मार्च २००५ पासूनची कोठाराची रोजची चित्रे आहेत. कोणत्याही दिवसावर बोट ठेवा, त्या दिवशी कोठारात जे होते ते मिळते. जागा कशी पुरते? प्रत्येक फाइलचा ठसा काढला जातो आणि त्या ठशाची फाइल एकदाच ठेवली जाते. एखादे पॅकेज हजार दिवस बदलले नाही तर हजार प्रती होत नाहीत, एकच राहते, रोजच्या यादीत फक्त तिचा उल्लेख होतो. नव्वदच्या दशकातल्या आवृत्त्यांसाठी वेगळे जुने दालन आहे. आर्च लिनक्सही जुन्या पॅकेजांचा संग्रह बाळगते. म्हणजे बुद्धी आहे, रीत आहे, घालून दिलेला पायंडाही आहे.

पण हे संग्रहालय म्हणजे गावाबाहेरचे देऊळ. रोजच्या रस्त्यावर ते नाही. साध्या माणसाच्या संगणकात त्याचा पत्ता घातलेला नसतो. तो शोधून घातला तर जुन्या यादीची मुदत संपलेली म्हणून यंत्र अडून बसते. मग ती मुदत बाजूला सारण्याची वेगळी आज्ञा द्यावी लागते आणि ती आज्ञा इंग्रजीतल्या मदतपानात कुठेतरी तळाशी दडलेली असते. आमच्या जुळणीवाल्या पोराला रात्री बाराला हे सुचावे अशी अपेक्षा आहे काय? आणि जगभराच्या मिररांपैकी हा बोजा उचलणारे हात किती? मूठभर स्वयंसेवकांच्या पाठीवर सारे ओझे टाकून श्रीमंत संस्था मोकळ्या झाल्या आहेत.

जीपीएल हा या चळवळीचा पायाच म्हणावा असा परवाना आहे. त्याच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत एक अट आहे. तयार कार्यक्रम देताना सोबत त्याचा मूळ मजकूर दिला नाही, तर तो मागेल त्याला देण्याचे लेखी वचन निदान तीन वर्षे पाळावे. तीन वर्षे! परवाना लिहिणाऱ्यांना ठाऊक होते की माणूस आज घेतो आणि परवा मागे येऊन विचारतो. मजकुराच्या बाबतीत त्यांना जे सुचले ते कोठाराच्या बाबतीत पुढच्यांना का सुचू नये?

मराठीचा तर जन्मच जुन्या प्रती जपणाऱ्यांच्या पुण्याईवर तरला आहे. ज्ञानेश्वरी १२९० ची. तीनशे वर्षांच्या आत तिच्या पोथ्यांत इतके पाठभेद, इतक्या भरीच्या ओव्या शिरल्या की मूळ कोणते आणि मागाहूनचे कोणते हे कळेना. पैठणच्या एकनाथांनी काय केले? मिळतील तितक्या जुन्या प्रती जमवल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि १५८४ साली, शके १५०६ मध्ये, शुद्ध प्रत सिद्ध केली. नव्या पोथ्या आल्या म्हणून गावोगावच्या जुन्या पोथ्या नदीत सोडून दिल्या असत्या तर नाथांनी काय ताडून पाहिले असते? आणि नाथांची शुद्ध प्रत सर्वमान्य झाल्यावरही त्याआधीच्या पोथ्या कोणी जाळल्या नाहीत, म्हणून तर इतिहासाचार्य राजवाड्यांना आमच्याच बीडच्या पाटांगणावर एक जुनी पोथी मिळाली आणि १९०९ मध्ये तिच्यावरून त्यांनी ज्ञानेश्वरी छापली. तिच्यावर विद्वानांनी वाद घातले. घालू द्या. वाद घालायला दोन प्रती हाती असाव्या लागतात.

एक गोष्ट शाळांची, आणि तिच्याकडे सरकारने कानाडोळा करू नये. या डोंगरपट्ट्यातल्या शाळांतून दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे संगणक आजही चालतात. काही बत्तीस बिटांचे आहेत. आर्चने अशा यंत्रांना २०१७ मध्ये सोडले, उबंटूने आणि फेडोराने २०१९ मध्ये. डेबियनच्या तेराव्या आवृत्तीपासून तिथेही या यंत्रांसाठी कर्नल (प्रणालीचा गाभा) नाही आणि इन्स्टॉलरही नाही. स्वयंसेवकांनी जगभरच्या जुन्या यंत्रांचा भार कायम वाहावा असे आम्ही म्हणत नाही. नवे बनवू नका, पण बनवून ठेवलेले पुसू नका! धूळ पुसून तोच संगणक मुलींच्या हाती देऊन टंकलेखन शिकवणाऱ्या बाईंना त्या यंत्रावर चालणारी शेवटची प्रणाली, तिची सगळी पॅकेजे, मराठीचे फाँट आणि कळफलक एका जागी मिळालेच पाहिजेत. ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ या प्रणालीची मुदत संपली आणि नेहमीच्या मिररांवरून ती उठली. त्या वेळी किती ठिकाणची सॉफ्टवेअरची बांधणी बंद पडली हे ज्यांनी सोसले त्यांना विचारा. तिची पॅकेजे वेगळ्या तिजोरीत जपली गेली, पण रस्त्यावरची पाटी काढून टाकली होती. वाटसरूला तिजोरीचा पत्ता कोण सांगणार?

म्हणून आम्ही मागतो ते भीक म्हणून नव्हे, हक्काने मागतो. प्रणाली चालवणाऱ्यांनी प्रत्येक पॅकेजच्या निदान आधीच्या तीन आवृत्त्या रोजच्या कोठारात, रोजच्या आज्ञेने मिळतील अशा ठेवाव्यात. त्याआधीच्या संग्रहात ठेवाव्यात आणि त्या संग्रहाचा पत्ता प्रत्येक संगणकात आधीपासून, बंद का होईना, घातलेला असावा. मागे फिरायची आज्ञा पुढे जाण्याच्या आज्ञेइतकीच सरळ असावी. ती कशी द्यायची हे मराठीत लिहिलेले असावे. लिहून द्यायला आम्ही तयार आहोत, मोबदला नको. सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली जनतेच्या पैशातून घडवली आहे. तिच्या प्रत्येक आवृत्तीचा प्रत्येक गठ्ठा ही जनतेची मालमत्ता मानून कायम जपला जावा. केरळने शाळांसाठी स्वतःची लिनक्स प्रणाली उभी केली आणि चालवून दाखवली. महाराष्ट्राला निदान एक संग्रह उभारता येऊ नये? देशातल्या डेटा सेंटरांची सर्वांत मोठी गर्दी मुंबई-नवी मुंबईत आहे. त्यांना जमीन, वीज, सवलती या राज्याने दिल्या. त्यांच्या पटांगणातला एक कोपरा जुन्या आवृत्त्यांसाठी मागायला सरकारची जीभ का अडखळते? छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवले जाते. दरवर्षी मुले तिथे प्रकल्प करतात आणि तो परीक्षेनंतर कपाटात जातो. मराठवाड्याचा स्वतःचा मिरर आणि त्याला जोडून संग्रह, हा प्रकल्प एका तुकडीला द्या. ती तुकडी बाहेर पडली तर पुढची सांभाळेल. पैशाचा प्रश्न काढणाऱ्यांनी आधी सांगावे की गेल्या वर्षी समारंभांच्या मांडवावर किती गेले.

आणि आम्ही स्वतः काय करणार? हा प्रश्न वाचक विचारणारच, विचारलाच पाहिजे. या आठवड्यापासून आमच्या कचेरीत एक कपाट मोकळे केले आहे. धारूर, केज, वडवणी, माजलगाव, अंबाजोगाई, जिथे कुठे कोणाच्या ट्रंकेत लिनक्सच्या जुन्या सीडी असतील त्या फेकू नका. उबंटूच्या सीडी २०११ पर्यंत पोस्टाने पाकिटात फुकट येत, त्या असतील. ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाबरोबर आलेल्या असतील. बंद पडलेल्या सायबर कॅफेच्या गल्ल्यामागे धूळ खात पडलेल्या असतील. एखाद्या जुन्या हार्ड डिस्कवर उतरवलेली पॅकेजे असतील. आणून द्या. ठसा ताडून, तारीख घालून आम्ही प्रत करून घेऊ आणि मूळ वस्तू ज्याची त्याला परत देऊ. केजच्या मुलाने पहिली डिस्क आधीच आणून दिली आहे. तिच्यावर त्याने पांढरी पट्टी चिकटवली आहे, निळ्या पेनने ‘जुने. पुसू नये.’ असे लिहिले आहे, आणि तिच्यात सर्वांत आधी उतरवली ती त्या रात्रीच्या मराठी ‘ल’ची फाइल.